तीन पोळ्यांपुढची प्रार्थना कोणत्या भाषेत?

रशियातल्या उत्तर ओसेटिया-अलानिया प्रजासत्ताकात मूल शाळेत घालताना पालकांना लेखी कळवावं लागतं, की त्याला मातृभाषा म्हणून कोणती भाषा शिकवायची. ओसेटियन निवडता येते, रशियनही निवडता येते. ३ ऑगस्ट २०१८ रोजी रशियाच्या शिक्षण कायद्यात दुरुस्ती झाली आणि देशातल्या सगळ्याच प्रजासत्ताकांत स्थानिक भाषेचं शिक्षण असं पालकांच्या अर्जावर गेलं. घटनेप्रमाणे ओसेटियन ही इथली रशियनच्या बरोबरीची राज्यभाषा. तरीही ती मुलाला यावी की नाही, हे आता एकेका घराने आपापलं ठरवायचं आहे.

याच प्रजासत्ताकात दर जुलैच्या दुसऱ्या रविवारी व्लादिकावकाझ ते अलागीर रस्त्यालगत खेतागच्या वनात हजारो माणसं जमतात. बळी दिला जातो, तीन पोळ्या मांडल्या जातात, ज्येष्ठ माणूस उभा राहून देवाला साकडं घालतो. नोव्हेंबरात उआस्तिर्जी या देवतेचा सण आठवडाभर चालतो. या सणांना सरकारी पाठिंबा आहे, समाजात प्रतिष्ठा आहे, तरुणांची गर्दी आहे. परंपरा उत्तम जपली जाते आहे, असं कुणी म्हटलं तर दाखवायला दृश्यांची कमी नाही.

मला हे समाधान धोक्याचं वाटतं. ओसेटियनांचे रीतिरिवाज जितके ताटात आहेत त्याहून कितीतरी जास्त बोलण्यात आहेत. बोलणं गेलं तर ताट उरेल, पण त्या ताटाभोवती बसलेली माणसं एकमेकांशी आणि देवाशी काय करत होती, ते उरणार नाही. म्हणून भाषेचा प्रश्न शाळाखात्याचा आणि सणांचा प्रश्न संस्कृतीखात्याचा, अशी वाटणी मुळातच चुकीची आहे.

ओसेटियन लोक कॉकेशस पर्वताच्या दोन्ही अंगांना राहतात. उत्तरेकडे रशियातलं प्रजासत्ताक, राजधानी व्लादिकावकाझ. दक्षिणेकडे त्स्खिनवालीभोवतीचा दक्षिण ओसेटिया, ज्याला २००८ च्या युद्धानंतर रशियाने स्वतंत्र देश म्हणून मान्यता दिली. बहुतेक जग तो जॉर्जियाचाच भाग मानतं. २०१० च्या जनगणनेत रशियातल्या ओसेटियनांची संख्या सव्वापाच लाखांच्या थोडी वर भरली. शेजारी जॉर्जियन, चेचेन, इंगुश, काबार्डियन, आणि या सगळ्यांच्या भाषा अगदी वेगळ्या कुळांतल्या. ओसेटियन मात्र पूर्व इराणी शाखेतली. सिथियन, सर्मेशियन आणि त्यांच्यामागून आलेले अलान यांच्या बोलींची आजही बोलली जाणारी एकुलती एक वारस. नाशिकच्या पांडवलेण्यांत नहपानाचा जावई उषवदात स्वतःला शक म्हणवतो; त्या शकांच्या बोली याच शाखेतल्या होत्या, आणि थोडं आणखी मागे गेलं की मराठीही या गोतावळ्यात येते. आपल्याकडे कुस्तीचा नाद असलेल्यांना ओसेटिया दुसऱ्या कारणाने ठाऊक असतो. सोस्लान आंदियेव्ह याने १९७६ आणि १९८० च्या ऑलिम्पिकमध्ये, तर माखारबेक खादार्त्सेव्ह आणि आर्सेन फादझायेव्ह यांनी १९८८ आणि १९९२ मध्ये सुवर्णपदकं जिंकली, ती याच मातीतून.

तेराव्या शतकात मंगोलांनी आणि चौदाव्याच्या अखेरीस तैमूरने अलानांचं मैदानी राज्य धुळीला मिळवलं. उरलेले अरुंद दऱ्यांमध्ये शिरले आणि तिथे कित्येक शतकं राहिले. राजा नाही, लिखित कायदा नाही, लिखाणाची अखंड परंपरा नाही. ज्या एका गोष्टीवर हा समाज टिकला तिला ते अग्दाउ म्हणतात. वडीलधाऱ्यांपुढे कसं वागावं, पाहुण्याचं काय करावं, वैर कसं मिटवावं, लग्न कसं लावावं, मेलेल्याला निरोप कसा द्यावा, या सगळ्याचा तो अलिखित नियम. गावातले पुरुष निखासवर, म्हणजे पारावर, जमत आणि तंटे सोडवत. घरात चुलीवर टांगलेली लोखंडी साखळी सर्वांत पवित्र. नवी सून त्या साखळीभोवती फिरून घरची होई. कुणी ती साखळी उपटून बाहेर फेकली तर तो खुनाइतकाच गंभीर अपमान ठरे.

आणि या सगळ्याच्या मध्यभागी फिंग. तीन पायांचं लहान गोल मेज. आज लांबलचक टेबलं आली तरी नाव तेच आणि शिस्तही तीच. आनंदाच्या प्रसंगाचं जेवण ते कुव्द. त्यासाठी चीज भरलेल्या तीन जाड पोळ्या एकावर एक ठेवतात, आणि प्रार्थनेआधी किंचित सरकवतात, म्हणजे देवाला वरून तिन्ही दिसाव्यात. आकाशातला देव, सूर्य आणि पृथ्वी असा त्यांचा अर्थ सांगतात. मृत्यूच्या जेवणात पोळ्या दोनच असतात, कारण मेलेल्यासाठी सूर्य मावळलेला असतो. मेजाच्या डोक्याशी सर्वांत ज्येष्ठ, त्याच्याजवळ दुसरा आणि तिसरा, मग वयाप्रमाणे रांग. तरुण मुलं बसत नाहीत, उभी राहून वाढतात. ज्येष्ठ पुरुष हातात बिअरचं लाकडी भांडं घेऊन उठतो. पहिलं आवाहन थोर देवाचं, स्तिर खुइत्साउचं. दुसरं उआस्तिर्जीचं, जो पुरुषांचा, प्रवाशांचा आणि योद्ध्यांचा पाठीराखा. मग प्रसंगाप्रमाणे पुढे. प्रत्येक मागणीनंतर सगळे एका आवाजात 'ओम्मेन' म्हणतात. प्रार्थना संपली की ज्येष्ठ ते भांडं आणि पोळीचा तुकडा सर्वांत लहान मुलाच्या हाती देतो. पहिला घास आणि पहिला घोट त्याचा.

या क्रमावर मला थोडं थांबावंसं वाटतं. सर्वांत थोरल्याने मागायचं आणि सर्वांत धाकट्याने आधी चाखायचं. मागणाऱ्याला आणि घेणाऱ्याला एकमेकांचं बोलणं कळलं पाहिजे, हे त्यात गृहीतच आहे. ही प्रार्थना कुठल्या पोथीत छापलेली नाही. त्यातले सांगाडे पिढीजात आहेत, पण त्या घरात नुकतं कोण जन्मलं, कोण सैन्यात गेलं, कुणाची तब्येत बरी नाही, शेतात काय पिकलं, हे ज्येष्ठाने त्या क्षणी बांधायचं असतं. चांगली प्रार्थना करणाऱ्या म्हाताऱ्याचं नाव पंचक्रोशीत होतं. वाईट करणाऱ्याचंही होतं. वैर मिटवण्याचं जेवण असो, लग्नात नवरीच्या चेहऱ्यावरचा पडदा दूर करण्याचा विधी असो, पूर्वी मृताला घोडा अर्पण करताना केलं जाणारं लांबलचक भाषण असो, सगळीकडे हाच प्रकार. कृती छोटी, शब्द मोठे.

आता २०१८ मध्ये सात वर्षांच्या असलेल्या मुलाचा विचार करा. त्याच्या पालकांनी अर्जावर रशियन लिहिलं. घरात आईवडील आपसात रशियन बोलतात, व्लादिकावकाझच्या रस्त्यावर रशियन, खेळात रशियन, मोबाइलवर रशियन. उत्सवात तो जातो, पोळ्या वाढतो, सिम्द या सामूहिक नाचाच्या तालावर नाचतो. अग्दाउमध्ये ज्येष्ठता वयाने येते, परीक्षेने नाही. म्हणजे २०७५ च्या सुमारास मेजाच्या डोक्याशी त्याला बसावंच लागेल. तेव्हा तो उठून काय म्हणेल? पाठ केलेल्या चार ओळी म्हणेल. किंवा कागद वाचेल. किंवा रशियनमध्ये मागेल. देवाला रशियन कळत नाही असं नव्हे. पण मग त्या मेजावर जे चाललं असेल ते ओसेटियन पोशाखातलं रशियन जेवण असेल, आणि ते जेवण जपण्यासाठी इतका खटाटोप करायचं कारण कुणालाच सांगता येणार नाही.

याला एक गंभीर उत्तर दिलं जातं, आणि ते टाळून पुढे जाणं बरोबर नाही. उत्तर असं, की भाषा गेली तरी समाज टिकतो. त्याचा दाखलाही अलानांच्याच इतिहासात आहे. तेराव्या शतकात मंगोलांपुढून पळालेले काही अलान कुमान या भटक्या टोळ्यांबरोबर हंगेरीत पोचले. त्यांना यास म्हणतात. यासबेरेन्य हे त्यांचं मुख्य शहर. राजांनी त्यांना खास अधिकार दिले. ते अधिकार हातचे गेले तेव्हा यासांनी स्वतःचे पैसे आणि माणसं देऊन १७४५ मध्ये राणी मारिया थेरेझाकडून ते सोडवून घेतले. आजही त्यांना आपल्या वेगळेपणाचा अभिमान आहे, त्यांचं जुनं शिंग संग्रहालयात मानाने ठेवलेलं आहे. भाषा मात्र नाही. १४२२ सालच्या एका कागदाच्या पाठीवर चाळीसएक शब्दांची यादी सापडली, तेवढीच ती उरली. त्या यादीच्या सुरुवातीचं अभिवादन आजचा ओसेटियन माणूस वाचू शकतो, कारण तो अजूनही जवळजवळ तसंच म्हणतो. यासबेरेन्यमधल्या माणसाला ते विद्वानाकडून समजून घ्यावं लागतं.

तेव्हा होय, समाज टिकतो. पण कशा रूपात, ते यासांकडे पाहून ठरवावं. ते हंगेरियन आहेत, सुखी आहेत, आणि त्यांच्याकडे एक अभिमानाची आठवण आहे. त्यांच्याकडे प्रार्थना नाही, वीरकथा नाहीत, अग्दाउ नाही. ओसेटियनांना एवढंच हवं असेल तर आजची वाट बरोबर आहे. माझी खात्री आहे की त्यांना एवढंच नको आहे. तसं असतं तर खेतागच्या वनात इतकी माणसं जमलीच नसती.

वीरकथांचा उल्लेख आला, तर नार्तांबद्दल बोलायलाच हवं. नार्त हे पुराणकालीन वीरांचं कुळ. त्यांच्या कथा अबखाझ, चेर्केस, बाल्कार, इंगुश हेही सांगतात, पण ओसेटियनांकडचा संच फार समृद्ध आहे. फ्रेंच अभ्यासक जॉर्ज दुमेझिल याने त्यांतल्या तीन घराण्यांमध्ये, म्हणजे पौरोहित्य सांभाळणारे आलागाता, लढणारे अख्सारतागाता आणि संपत्ती राखणारे बोराता यांच्यात, इंडो-युरोपीय समाजाच्या जुन्या त्रिविभागणीची खूण पाहिली. त्या कथांत उआत्सामोंगा नावाचा प्याला आहे. मेजवानीत वीर आपापले पराक्रम सांगतात. खरं सांगणाऱ्याच्या ओठांपर्यंत प्याला आपणहून उचलला जातो, खोटं सांगणाऱ्यापुढे हलत नाही. प्राचीन ग्रीक इतिहासकार हेरोडोटसने सिथियनांबद्दल लिहिलं आहे, की वर्षातून एकदा प्रमुखाच्या प्याल्यातून फक्त शत्रू मारलेल्यांनाच पिता येई. अडीच हजार वर्षं एखादी कल्पना जिवंत राहते ती धातूच्या भांड्यात नव्हे, सांगणाऱ्याच्या तोंडात. वासिली आबायेव्ह (१९००–२००१) यांनी ओसेटियनचा ऐतिहासिक-व्युत्पत्ती कोश चार खंडांत केला, पहिला १९५८ मध्ये आणि चौथा १९८९ मध्ये. एवढं काम एका माणसाने करून ठेवलेलं आहे. ते वाचणारी पिढी तयार करायची की नाही, एवढाच प्रश्न आहे.

पालकांच्या निवडीचा मुद्दा मात्र मला मनापासून खटकतो. जुलै २०१७ मध्ये योश्कार-ओला इथे बोलताना पुतिन म्हणाले होते, की माणसाला त्याची मातृभाषा नसलेली भाषा सक्तीने शिकायला लावणं योग्य नाही. ऐकायला हे न्याय्य वाटतं. उत्तर ओसेटियात दोन-तृतीयांशाच्या आसपास लोक ओसेटियन आहेत; उरलेल्या रशियन, इंगुश, आर्मेनियन मुलांवर ही भाषा लादावी का, हा प्रामाणिक प्रश्न आहे. पण तो नियम फक्त त्यांच्यासाठी झालेला नाही. तो ओसेटियन घरातल्या मुलासाठीही आहे, आणि त्याचे पालक निवड करतात ती रिकाम्या पटावर नाही. देशभरातली शाळेअखेरची परीक्षा रशियनमध्ये, विद्यापीठ रशियनमध्ये, नोकरी रशियनमध्ये. एका पारड्यात मुलाचं सगळं भविष्य आणि दुसऱ्यात आजीची भाषा ठेवून 'तुम्हीच निवडा' म्हणणं याला निवड म्हणत नाहीत.

शिवाय हे पहिल्यांदा घडत नाही आहे. १९५८ च्या सोव्हिएत शिक्षणसुधारणेतही हीच सवलत होती: मुलाला कोणत्या भाषेत शिकवायचं ते पालकांनी ठरवावं. साठच्या दशकात उत्तर ओसेटियातल्या शाळा रशियन माध्यमाकडे वळल्या. त्या शाळांतून शिकलेली माणसं आज आजी-आजोबा आहेत. त्याआधी लिपीची फरफट झालीच होती. १८४४ मध्ये अँड्रियास श्योग्रेन या भाषाभ्यासकाने सिरिलिकवर आधारलेली वर्णमाला आणि व्याकरण तयार केलं. १९२३ मध्ये लॅटिन आली. १९३८ मध्ये उत्तरेला पुन्हा सिरिलिक आणि दक्षिणेला जॉर्जियन लिपी, म्हणजे एकाच भाषेतली पुस्तकं डोंगराच्या अलीकडची पलीकडे वाचता येईनात. १९५४ मध्ये दक्षिणेतही सिरिलिक आली. यातला एकही निर्णय कुण्या ओसेटियन आईने घेतला नव्हता. शंभर वर्षं भाषेबद्दल सगळं वरून ठरवायचं आणि ती अशक्त झाल्यावर तिचं ओझं आईच्या अर्जावर टाकायचं, हे मला अन्यायाचं वाटतं.

इथपर्यंत मी परंपरेच्या बाजूने बोललो. आता तिच्या ज्या भागाची पाठराखण मला करता येत नाही, त्याबद्दल.

खिस्त म्हणजे मृत्यूनंतरचं जेवण. अंत्यविधीच्या दिवशी, चाळिसाव्या दिवशी, वर्षाला, आणि मधल्या ठरलेल्या दिवशी. अंगणात मंडप, शेकडो माणसं, जनावरं कापलेली, पोळ्यांच्या चळती. ओळखीच्या घरी मरण झालं तर जाणं हे कर्तव्य, न जाणं हा अपमान. या रिवाजाचं मोल मी नाकारत नाही. दुःखात माणूस एकटा पडत नाही, शेजारी भांडी आणि हात घेऊन येतात. पण शेजारच्याने जेवढं घातलं त्याहून कमी कसं घालायचं, या धाकाने कुटुंबं कर्जात जातात, ही तक्रार आजची नाही. मुसा कुंदुखोव्ह हा रशियन सैन्यातला ओसेटियन अधिकारी. आपल्या लोकांचा कारभार हाती असताना १८५९ मध्ये त्याने घातक रूढींविरुद्ध हुकूम काढला. उधळपट्टीची मृत्यूभोजनं, वधूमूल्य, शोकात बायकांनी स्वतःला जखमा करून घेणं, यांवर त्याने बंधनं घातली. १८६५ मध्ये तो स्वतःच हजारो मुस्लिम कॉकेशियनांना घेऊन तुर्कस्तानात निघून गेला. हुकूम कागदावर राहिला.

ज्या वर्षी तो हुकूम निघाला त्याच वर्षी नार गावात कवी कोस्ता खेतागुरोव्हचा जन्म झाला. पुढे १८९४ मध्ये आपल्या लोकांच्या चालीरीतींवर त्याने एक दीर्घ निबंध लिहिला. त्यात ही जेवणं आणि त्यांनी होणारी घरांची नासाडी त्याने स्पष्ट मांडली. म्हणजे हुकमाला पस्तीस वर्षं झाली तरी फरक पडला नव्हता. पण कोस्ताने आणखी एक केलं. १८९९ मध्ये 'इरॉन फांदिर' हा त्याचा ओसेटियन कवितांचा संग्रह व्लादिकावकाझला छापला गेला आणि त्या भाषेचं आधुनिक साहित्य सुरू झालं. त्यात एका विधवेची कविता आहे. घरात दाणा नाही. भुकेली मुलं झोपावीत म्हणून ती भांड्यात दगड उकळते आणि शेंगा शिजताहेत असं सांगते. मेजवान्यांच्या देशातल्या त्या चुलीबद्दल कोस्ताने अधिकाऱ्याच्या भाषेत सांगितलं नाही, तिच्याच भाषेत सांगितलं. म्हणून कुंदुखोव्हचा हुकूम इतिहासकारांना ठाऊक आहे आणि कोस्ताच्या कवितेतली विधवा सगळ्यांना. रूढी बदलायची तर ती ज्या भाषेत जगते त्याच भाषेत तिच्याशी भांडावं लागतं. भाषा वाचवण्यामागे हेही एक कारण आहे, आणि माझ्या मते ते सर्वांत मोठं. जी परंपरा स्वतःच्या भाषेत स्वतःवर टीका करू शकत नाही, ती फक्त मिरवता येते किंवा टाकून देता येते. सुधारता येत नाही.

आजही गावोगावचे ज्येष्ठ आणि स्तिर निखास ही सार्वजनिक संघटना जेवणावळी आवरा असं सांगत असतात. त्यांचं ऐकलं जावं. दोन पोळ्या, थोडी बिअर आणि मेलेल्याबद्दल चार खरे शब्द, एवढ्यात खिस्त पूर्ण होते. मंडपाचा आकार अग्दाउमध्ये कुठेच सांगितलेला नाही. उआत्सामोंगाच्या गोष्टीत प्याला कुणासाठी उचलला जातो, हेही आठवावं. किती बैल कापले याचा हिशेब तिथे कुणी विचारत नाही.

दुसरी गोष्ट बायकांची. जुन्या रिवाजात सून सासऱ्यासमोर आणि नवऱ्याच्या थोरल्या नातलगांसमोर वर्षानुवर्षं बोलत नसे. उआस्तिर्जीचं नाव बायका अजूनही घेत नाहीत, त्याला 'पुरुषांचा देव' म्हणतात. त्सेय दरीतल्या रेकोमच्या देवळात त्या जात नाहीत. प्रार्थनेच्या मेजावर त्यांची जागा नाही, त्या वेगळ्या बसतात. यांतलं काय श्रद्धेचं आणि काय नुसत्या सवयीचं, हे ओसेटियन स्त्रियांनी ठरवावं. बाहेरून मी यादी करून देणार नाही. पण एक विसंगती सांगायला हवी. नार्तांची आई शताना. दुष्काळात सगळे वीर हात टेकतात तेव्हा तिची कोठारं भरलेली निघतात आणि ती सगळ्या गावाला जेवू घालते. बिअर बनवायला शिकली तीही तीच, असं त्या कथा सांगतात. उरिझ्मागसारखा नवरा प्रत्येक पेचात तिचा सल्ला घेतो. जिने मेज भरलं, तिच्या लेकींना त्या मेजावर शब्द नाही. आणि मुलाला भाषा कोण देतं? १८९१ मध्ये व्लादिकावकाझमधली ओसेटियन मुलींची शाळा बंद करायचं सरकारने ठरवलं तेव्हा कोस्ताने त्याविरुद्ध आवाज उठवला, आणि त्यासाठी त्याला तेरेक प्रांतातून हद्दपार व्हावं लागलं. मुलींची शाळा आणि मातृभाषा हा एकच लढा आहे, हे त्या कवीला सव्वाशे वर्षांपूर्वी कळलं होतं. भाषा टिकवण्याचं काम आईवर सोपवायचं आणि भाषेचा सर्वांत मानाचा वापर तिच्यासाठी बंद ठेवायचा, हे चालणार नाही.

परंपरेला हात लावू नका म्हणणाऱ्यांना मी त्यांचाच इतिहास दाखवीन. उआस्तिर्जीमध्ये ख्रिस्ती संत जॉर्ज मिसळलेला आहे आणि उआत्सिला या विजेच्या देवतेमध्ये बायबलमधला संदेष्टा एलिया. खेताग हा दंतकथेप्रमाणे ख्रिस्ती झालेला काबार्डियन राजपुत्र. शत्रू पाठीवर असताना त्याला रानाकडे धावता येईना, तेव्हा तो म्हणाला की खेतागने रानाकडे नाही, रानाने खेतागकडे यावं, आणि डोंगरावरचं वन खाली उतरलं. परक्याच्या नावाने उभं असलेलं हे वन आज सगळ्यांचं आहे. तिथली एक काडीही कुणी घरी नेत नाही. बहुसंख्य ओसेटियन ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती, दिगोर भागात आणि इतरत्र मुसलमान, आणि अलीकडे जुन्या श्रद्धेलाच आपला धर्म म्हणणारेही पुष्कळ. धर्मगुरूंचे आपसात वाद होतात. तीन पोळ्यांच्या मेजावर मात्र ही माणसं एकत्र बसत आली आहेत. वधूमूल्य एके काळी अटळ मानलं जाई, रक्ताचा सूड हे पवित्र कर्तव्य मानलं जाई. दोन्ही मागे पडली, अग्दाउ उरला. रेकोम १९९५ मध्ये जळालं, पुन्हा उभारलं गेलं. लाकूड पुन्हा मिळतं.

तर करायचं काय? उत्सवांवर बंधनं नकोत, त्यांचं कौतुक थांबवायलाही नको. पण उत्सवासाठी जी राजकीय इच्छा दिसते ती शाळेत दिसावी. व्लादिकावकाझमध्ये ओसेटियन आणि रशियन अशा दोन्ही माध्यमांतून शिकवण्याचे प्रयोग झाले आहेत. ते थोड्या शाळांपुरते न ठेवता बालवाडीपासून पसरवावेत, कारण सातव्या वर्षी सुरू केलेली भाषा विषय म्हणून शिकली जाते, तिसऱ्या वर्षी सुरू केलेली बोलली जाते. दिगोर ही ओसेटियनची दुसरी बोली; दिगोर घरातल्या मुलाला तिच्यात शिकता यावं; इरॉन बोलीवर आधारलेलं प्रमाण रूप त्याला नंतर येईलच. कुव्दमध्ये पोळी आधी चाखणाऱ्या त्या लहान मुलाकडून दोन वाक्यांची प्रार्थनाही करून घेण्याची पद्धत ज्येष्ठांनी पाडावी, मुलीकडूनही. खिस्तच्या जेवणावळीतून वाचलेले पैसे गावच्या बालवाडीला द्यावेत. 'रास्तद्झिनाद' हे १९२३ पासून निघणारं ओसेटियन वृत्तपत्र घराघरात जावं.

आणि तो अर्ज. कायदा मॉस्कोत होतो, तो बदलणं व्लादिकावकाझच्या एकट्याच्या हातात नाही, हे खरं. पण मागणी तरी बरोबर केली पाहिजे. जिथे ओसेटियन ही राज्यभाषा आहे तिथे ती शाळेत असणं हेच गृहीत असावं. ज्याला आपल्या मुलाला ती शिकवायची नसेल, त्याने तसा अर्ज द्यावा.